पानाला दोन रुपये

२२ डिसेंबर, सकाळी ९
हरलो. मते ४१. भिसेगावात माझ्या नात्यातलेच ६३ मतदार आहेत. म्हणजे किमान बावीस जण फुटले. फितुरांची यादी करणार. झिनत त्यात नाही. डिपॉझिटचे पैसे तिनेच बिर्याणीच्या ऑर्डरींतून काढून दिले होते. अशी बायको असताना माणूस हरतो कसा?

त्याच दिवशी, दुपारी
कळले. जिंकलेल्या रूपेशने पैसा ओतला. खर्चाची मर्यादा नक्की ओलांडली असणार. उद्यापासून सिगारेट बंद, लढा चालू.

२९ डिसेंबर
थंडी फार. लढा नंतर. सिगारेट चालू.

२० जानेवारी
माझा खर्चाचा हिशोब सादर केला. शेवटचा दिवस होता. ‘पैशाचा स्रोत’ या रकान्यात ‘स्वकमाई’ लिहिले. रकाना अरुंद. झिनतची सगळी हकीकत त्यात मावली नसती.

२७ जानेवारी
निवडणूक कार्यालय. तिथल्या क्लार्क विनिता मॅडम म्हणाल्या, कुठल्याही उमेदवाराचा हिशोब कोणीही मागू शकतो. साधा अर्ज, पानाला दोन रुपये. मी त्यांना लोकशाही समजावली. त्या डबा खायला गेल्या. रूपेशच्या हिशोबासाठी अर्ज टाकला.
जेवताना झिनतला सगळे सांगितले. खिडकी कोणती, अर्ज कसा. एकवीस वर्षांत प्रथमच तिने माझे बोलणे मध्येच न उठता ऐकले. कुणाचाबी हिशोब मिळतो का, एवढे दोनदा विचारले. जागृती घरापासूनच सुरू होते.

३ फेब्रुवारी
४६ पाने, ९२ रुपये. पान एकतीस: बिर्याणी, ३०० प्लेट. पुरवठादार झिनत. सही तिचीच, तोच ऐसपैस ‘झ’.
लोधिवलीच्या लग्नाची ऑर्डर, असे ती म्हणाली होती. लग्न दहा दिवस चालले तेव्हाच शंका यायला हवी होती. उरलेली बिर्याणी खाऊन मी रोज रूपेशविरुद्ध प्रचाराला जायचो. आणि माझे डिपॉझिट? तेही रूपेशच्याच आगाऊ पैशातून. हरलो त्या दिवशीही इतके वाईट वाटले नव्हते. यादीत पहिले नाव लिहिले. पेन नीट चालेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जाब विचारला. ती कांदा कापत म्हणाली, तीनशे नाय, नऊशे. बाकीच्या सहाशेचे रूपेशने रोख दिले, बिल नको म्हणाला. ऑर्डर ती ऑर्डर, नायतर तुमी उबे कशावर राहिला असता?
नऊशे! मर्यादा ओलांडली. रूपेश गेला. फक्त साक्षीदार हवा, आणि तो घरातच आहे. यादीतले नाव तात्पुरते खोडले.

५ फेब्रुवारी, सकाळी ११
तक्रार तयार. झिनत काम हाय म्हणून बाहेर पडली, त्याच कार्यालयाच्या दिशेने. जबाब द्यायलाच गेली असणार. शेवटी बायको माझी आहे.

दुपारी ३
ती कार्यालयातच गेली होती. एक नक्कल घेऊन आली. चार पाने, आठ रुपये. उमेदवाराचे नाव: हारून. म्हणजे मीच. ‘स्वकमाई’खाली तिने ओढलेली लाल रेघ. मोठ्याने वाचा म्हणाली. वाचले. मी म्हणालो, रकाना अरुंद होता. तिने नक्कल घडी करून ठेवून दिली. ओरडली असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी ६
तक्रार तिच्यापुढे ठेवली. साक्षीदार म्हणून इथे सही कर म्हणालो. तिने कागद हातात घेतला, चष्मा लावून नीट पाहिला आणि परत दिला.
रकाना अरुंद हाय म्हणाली, माझं नाव मावायचं नाय.