वीरधवल शिखरावर, टँकर चरीत

बोरवाडी, ता. जत, जि. सांगली
दि. १८ जून

तीर्थस्वरूप विजयमालाअक्का हिच्या चरणी,

आकारामचा वाकून नमस्कार आणि तुझ्या भावजयीचा त्याहून खाली वाकून. (तिची कंबर अजून वाकते. माझी फौजेत ताठ झाली ती ताठच राहिली.) तुझे गुडघे कसे आहेत? यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढू नकोस, देवीला खालून हात जोडले तरी पोचतात. औंधात पाऊस झाला असं कळलं. इकडे ढग येतात, चौकशी करतात आणि विजापूरकडे निघून जातात. बाकी आम्ही दोघं खुशाल. मी सासुरवाडीला राहतो म्हणून तुला अजून लाज वाटते हे मला माहीत आहे, पण बारा वर्षं झाली, आता गावालाही माझी सवय झाली आहे.

अक्का, गेल्या तीन महिन्यांत तुझा भाऊ लेखक झाला आणि लगेच उतरला, ती हकीकत सविस्तर कळवतो. इथल्या शाळेतले कपिल सर मार्चमध्ये घरी आले. (सर भला माणूस. वर्गाच्या कपाटाला कुलूप लावत नाहीत, पुस्तकं फाटली तर म्हणतात, वाचली म्हणून फाटली.) मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक लिहायची स्पर्धा होती, विषय ‘माझा देश’. सर म्हणाले, सुभेदारसाहेब, तुम्ही अख्खा देश पाहिलाय, तुम्हीच लिहा. आता असं कुणी म्हटल्यावर मी थांबतो होय? आठ दिवसांत चाळीस पानं लिहिली. नाव ठेवलं ‘एकतेचं शिखर’.

गोष्ट अशी. सहा राज्यांची सहा मुलं एक डोंगर चढतात. पंजाबचा पोरगा लस्सी पितो आणि नाचतो. बंगालचा रसगुल्ला खातो. तमिळनाडूची मुलगी इडलीचा डबा घेऊन चालते. काश्मीरचा मुलगा थंडीनं कुडकुडतो. कर्नाटकची मुलगी रेशमी साडी नेसून कन्नड बोलते. आणि आपला फेटेवाला वीरधवल सगळ्यांच्या पुढे. तो काश्मीरच्या मुलाला घोंगडी देतो, दरीत पडणाऱ्या पंजाब्याला दोरानं वर ओढतो आणि शिखरावर झेंडा लावतो. बाकी पाच जण टाळ्या वाजवतात. लिहिताना माझेच डोळे भरून आले. तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, “दोर आणला कुणी?”

चौथीच्या वर्गात वाचायला गेलो. छातीवर पदकं लावून गेलो होतो. (ही चूक पहिली.) वाचून झाल्यावर विचारलं, काही शंका? (ही दुसरी.) अक्का, मी दोन सरहद्दींवर गोळीबार पाहिलेला माणूस, पण असा मारा कधी झाला नव्हता. तीन दिवस इडली आंबली न्हाई का? काश्मीरच्या पोराला थंडीची सवय नसती का? वीरधवलनंच सगळं करायचं हुतं तर बाकीची कशाला आली? मी म्हटलं, मैत्रीसाठी. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मग त्यांची नावं काय हुती?” नावं मी ठेवलीच नव्हती. चाळीस पानांत नाव एकट्या वीरधवलला.

मग महादेवी उठली. ही बिराप्पा मेंढक्याची नात, नऊ वर्षांची, डोक्याला तेल चोपडलेलं, आवाज खणखणीत. म्हणाली, “आजोबा, ती पोरगी कन्नड बोलती म्हणून कर्नाटकची. आमच्या घरात बी कन्नडच बोलत्यात. मग मी तिच्या बाजूला उभी ऱ्हाऊ का वीरधवलच्या?”

मी घाईनं म्हटलं, “दोन्हीकडं.”

“दोन्हीकडं कसं? पाय फाकतील की!”

वर्ग खदखदून हसला. कपिल सर खिडकीबाहेर बघायला लागले. पण महादेवी हसली नाही अक्का, ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. सरहद्द कुठून कुठे जाते ते मी नकाशावर बोटानं दाखवतो, पण ती एखाद्या पोरीच्या घराच्या उंबऱ्यावर मी आणून ठेवली आहे, हे मला ती बोलेपर्यंत दिसलं नव्हतं. घरी येऊन पदकं डब्यात ठेवली आणि वही माळ्यावर टाकली. रात्री जेवलो नाही. (दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, काळजी नसावी.)

पुढचा प्रकार घडला त्या शनिवारी. आमच्याकडे एप्रिलमध्ये पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येतो, तोही आला तर. त्या दिवशी अकराच्या सुमाराला तो गावाच्या तोंडाशी आला आणि समोर बिराप्पाची दोनशे मेंढरं रस्त्यावर आडवी. ड्रायव्हर नवीन, बिहारचा, हिंदीशिवाय काही न जाणणारा. बिराप्पाला कन्नडशिवाय काही येत नाही. मी पारावर बसलो होतो, म्हटलं हे काम सुभेदाराचं. उठलो, हात वर केला आणि आदरानं हाक मारली, “आवं बा, बा! मेंढरं सरकवा!”

आता मला सांग, आपल्याकडे वडीलधाऱ्याला बा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण कन्नडमध्ये बा म्हणजे ये! म्हातारा “बंदे, बंदे” (आलो, आलो) करत माझ्याकडे निघाला, त्याच्या मागं दोनशे मेंढरं. मला वाटलं ऐकू आलं नसेल, मी आणखी मोठ्यानं ओरडलो, “बा! बा!” तो आणखी जोरात आला. हिंदीत बंदे म्हणजे अरे माणसा, तेव्हा बिहारी ड्रायव्हरला वाटलं म्हातारा त्यालाच बोलावतोय, त्यानं खिडकीतून मान काढली तर चहूबाजूंनी मेंढरं. तो घाबरला, टँकर मागे घेतला आणि मागचं चाक पाइपलाइनसाठी खणलेल्या चरीत. टँकर कलला. वरच्या झाकणातून पाणी भळाभळा मातीत जायला लागलं.

अक्का, जतमध्ये मातीत जाणारं पाणी बघणं म्हणजे काय, ते तुला औंधात कळायचं नाही. बायका ओरडत धावत आल्या. ड्रायव्हरनं काचा वर केल्या, त्याला वाटलं आता मार बसणार. मी हिंदीत हुकूम सोडत होतो, ते कुणीच पाळत नव्हतं. शाळा नुकतीच सुटली होती. गर्दीतून महादेवी दप्तरासकट पुढे आली. आजोबांवर कन्नडमध्ये अशी ओरडली की मेंढरं एका मिनिटात ओढ्याकडे वळली. मग टँकरच्या पायरीवर चढली, काचेवर टकटक करून टीव्हीवरून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, “अंकल, डरो मत. कोई नहीं मारेगा. पीछे का नळ खोलो.” आणि वळून बायकांना, “विहिरीत सोडायचं ऱ्हाऊ द्या, हिथंच भरा! हंडं आणा, पिंपं आणा!” मग माझ्याकडे बघून, “आजोबा, तुमी गप ऱ्हावा.”

मी गप राहिलो. तीस वर्षांच्या नोकरीत मी पाळलेला हा सर्वांत शहाणा हुकूम. तासाभरात प्रत्येक घराचं पाणी भरलं, मेंढरांनाही गुळाच्या काहिलीत मिळालं. टँकर हलका झाला, ट्रॅक्टरनं ओढून काढला. तुझ्या भावजयीनं ड्रायव्हरला घरी आणून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. पोरं त्याच्याभोवती बसली. नाव विचारलं, रामजनम. गाव विचारलं. त्यानं सांगितलं, त्याच्या गावात दर पावसाळ्यात नदी घरात शिरते, दोनदा घर वाहून गेलं. पोरांचा विश्वास बसेना. एवढं पाणी? महादेवीनं तीनदा विचारून खात्री केली आणि मग सगळ्यांना मराठीत सांगितलं, “त्याच्या गावात पाणी लय हाय म्हणून त्यो आपल्या गावात पाणी घिऊन आलाय.”

त्या रात्री मी माळ्यावरची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवरून सुरुवात केली. खरं तर मी फक्त लिहून घेतलं, गोष्ट चौथीच्या वर्गानं सांगितली. नाव ‘टँकर आला’. त्यात बिराप्पा कन्नड बोलतो, रामजनम हिंदी, गाव आपलं गावासारखं, आणि एक ताठ म्हातारा बा बा करून घोटाळा करतो. (तो काढून टाका म्हणून मी विनंती केली. मतदान झालं. एकवीस विरुद्ध एक.) शेवटी मी अडून बसलो की विषय देशाचा आहे, झेंडा हवाच, कुठे लावायचा बोला. महादेवी म्हणाली, “टँकरच्या काचंवर हाय की. आदीपास्नं हाय.” जाऊन बघितलं, खरंच होता. मी रोज टँकर बघतो अक्का, मला दिसला नव्हता.

बक्षीस मिळालं नाही. भाषा ठिकठिकाणी अशुद्ध, असा शेरा आला. पहिला नंबर सहा राज्यांच्या सहा मुलांनी गड चढल्याच्या गोष्टीला. (वाचली. माझ्यापेक्षा बरी आहे, डब्यात इडलीऐवजी चिवडा आहे.) पण कपिल सरांनी जतहून वीस झेरॉक्स काढून आणल्या. एक रामजनमनं टँकरमध्ये ठेवली. तो पलीकडच्या वाड्यांवरही जातो, तिथल्या पोरांनी वाचली आणि म्हणाली, आमच्याकडं याच्यापेक्षा भारी झालंय. आता तीही वह्या पाठवायला लागली आहेत.

असो. पत्र लांबलं. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा,
आकाराम

ता. क. : ‘टँकर आला’ची एक प्रत सोबत आहे. शुद्धलेखन तपास. वेलांट्या तुझ्या हवाली, पण ‘हाय’चं ‘आहे’ करू नकोस. पोरं ओळखणार नाहीत स्वतःला.

ता. क. २ : तुझी भावजय म्हणते, चार पानं फिरवून फिरवून लिहिलंत, खरं ते लिहा. तर खरं ते असं. वह्या अकरा झाल्या आहेत. काहींत अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मुलांना गोष्ट कशी पुरी करायची ते सांगणारं कुणी हवं. कपिल सरांकडे चार वर्ग आहेत आणि मला तर गप राहायला सांगितलं आहे. तू चौतीस वर्षं शाळेत हेच केलंस. भाऊजी गेल्यापासून फोनवर म्हणतेस, आता माझं कुणाला काय काम. अक्का, काम आहे. पुढची खोली सारवून घेतली आहे. औंधहून विट्याला ये, तिथे मी न्यायला येतो. दिवाळीपर्यंत राहा, नाही पटलं तर परत पोचवीन.

ता. क. ३ : मुलांना तू येणार असं मी आधीच सांगून बसलो आहे, त्याबद्दल माफ कर. महादेवीनं विचारलं, त्या आज्जीला कन्नड येतं का? मी म्हटलं, नाही गं, अजिबात नाही. ती जरा विचार करून म्हणाली, “असू दे. मोठी माणसं बी शिकत्यात. आमी हळू बोलू.”