रात्री दहा ते सकाळी सहा

१७ मार्च २०२५, राजुरा

अजून नाही! आठ दिवस झाले माझी दुरुस्ती टाकून. एकच ओळ काढायची आहे — ‘रात्री दहा ते सकाळी सहा कोणाला फोन लावायचा नाही.’ पण दोघांनी वाचून होकार दिल्याशिवाय काही हलत नाही. नियम म्हणजे नियम.

‘आरोळी’ हा प्रोग्राम मी लिहिला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, मांडीवर डिक्शनरी घेऊन. जंगलातल्या चौकीदारानं वाघ दिसल्याची नोंद टाकली की जवळच्या गावांत आपोआप फोन जातात. फुकट. कोड जगाला उघडा ठेवला — या, वाचा, सुधारा. सुधारायला आले ते शिकलेले! प्रवीण मूळचा वरोऱ्याचा, आता पुण्यात कंपनीत. दिवाळीत त्यानंच नियम आणला: लिहिणाऱ्यानं आपलं लिखाण आपणच आत घालायचं नाही, दुसऱ्या दोघांनी तपासायचं. सगळ्यात आधी हात मी वर केला. शहाणा!

१९ मार्च

आशाबाई आली होती, चार्जिंगची पिन बसवायला. जंगलाकाठच्या गावची, जुनी गिऱ्हाईक.

“अयूबभाऊ, तुमचा वाघाचा फोन येते ना बाप्पा, बरोबर येते. पन आमी मोह वेचून घरी आल्यावर येते. मंग का त्याले चहाले बोलावू?”

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. रोजा सोडल्यावर मात्र पुन्हा हिशेब मांडला. बाया पहाटे चार वाजता निघतात. उशीर केला की झाडाखाली पडलेली मोहाची फुलं दुसरीच वेचून नेते. आणि आमची आरोळी सहापर्यंत तोंड दाबून बसते.

२१ मार्च

प्रवीणचा शेरा आला एकदाचा. “अयूबभाई, रात्री फोन वाजले तर लोक आपला नंबर ब्लॉक करतील. मग दिवसाचाही इशारा पोचणार नाही. किती जणांना रात्री फोन हवा आहे, काही माहिती गोळा केली आहे का?”

माहिती! आशाबाईला फॉर्म भरायला देऊ?

दुसरी तपासणारी मयुरी, नागपूरला शिकते. तिची परीक्षा. “सर, रविवारी नक्की बघते.” काल मात्र कोणीतरी बटणाचा रंग हिरव्याचा निळा केला — तासाभरात दोन होकार! निळ्या बटणाला बघून वाघ पळतो वाटतं.

ती ओळ घातली कोणी ते पाहिलं. ओळीपुढं लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. प्रवीण. वाटलंच होतं. पुण्यात झोप महाग.

२३ मार्च

रविवार गेला. मयुरी नाही.

मूळ मालक म्हणून चावी अजून माझ्याकडं आहे. एक बटण दाबलं की नियम बाजूला. पहाटे सहरी करताना बायको — कनीज — म्हणाली, “तो दबाओ ना! तुम्हारीच चीज है.” नाही दाबलं. हात वर केला होता मी. जबान दिली होती.

२५ मार्च

आशाबाईला वाघानं धरलं. मोहाच्या झाडाखाली, वाकलेली असताना. सोबतच्या बायांनी आरडाओरडा केला म्हणून सोडलं. खांदा फाटला. चंद्रपूरला नेलं.

चौकीदाराची नोंद ३ वाजून २० मिनिटांची. फोन गेले बरोबर सहाला. तिचा फोन तिथंच टोपलीजवळ पडला होता. वाजला म्हणे. खूप वेळ वाजला.

२६ मार्च

सकाळी ग्रुपवर एवढंच लिहिलं — आशाबाईला वाघानं धरलं, इशारा आपल्याकडं अडीच तासांवर पडून होता. प्रवीण आणि मयुरी, दोघांचेही होकार आले. अकरा मिनिटांत! माहिती नाही, परीक्षा नाही, काही नाही. सतरा दिवस काय करून राह्यले होते मग?

२७ मार्च

चंद्रपूरला जाऊन आलो. उजवा हात वर जात नाही. जाईल की नाही, डॉक्टर सांगत नाही. मला पाहून म्हणते, “काऊन तोंड पाडून राह्यले भाऊ? तुमी थोडीच पाठवला वाघाले.”

२९ मार्च

ऑनलाइन बैठक. मी प्रवीणला सगळ्यांसमोर धुतला. बोललो — एका बाईचा हात गेला तुझ्या एका ओळीनं. तुझी झोप मोडू नये म्हणून! तुझे नियम ठेव तुझ्या पुण्यात. मोह कधी वेचतात हे वरोऱ्याच्या पोराला ठाऊक नसावं? शेवटी म्हणाला, “चुकलं अयूबभाई. लवकर वाचायला पाहिजे होतं.”

कॅमेरा बंद करून उठलो. त्यांना वाटलं, गेलो. आवाज चालूच होता, आणि कान माझे तिखट — दुकानाच्या दारातून ऐकलं.

मयुरी: “दादा, तुमी ऐकून काऊन घेतलं? सांगून टाकाचं होतं ना, ओळ कोनाची हाये ते.”

प्रवीण: “राहू दे. रोजा हाये त्याईचा. अन् सांगून आशाबाईचा हात थोडीच वर होते.”

कोणाची म्हणजे? नाव तर याचंच आहे! कोणाला पाठीशी घालून राह्यला हा?

३१ मार्च

ईद. नमाजहून आलो, शिरखुर्मा तसाच ठेवून कोड उघडला. गेल्या वर्षी प्रवीणनं सगळ्या फायली नव्यानं लावल्या, म्हणून प्रत्येक ओळीपुढं त्याचं नाव. त्याच्याही मागं गेलो. ८ डिसेंबर २०२२. लिहिणारा — अयूब. खाली टीप: ‘चाचणीचे फोन पहाटे वाजतात, कनीजची झोप मोडते. तूर्त बंद.’

तपासणारा — कोणी नाही.