वरची माती

तीर्थरूप बाबांना धाकट्याचा दुरूनच नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, पायाची जखम सुकली. गाय व्याली का? आईचे गुडघे कसे आहेत?

आईला इथपर्यंतच वाचून दाखवा. सुट्टीचं काही खरं नाही; पेरणीला माझी वाट पाहू नका.

आमच्या तुकडीत एक शेतकऱ्याचा पोरगा होता. आम्ही त्याला नांगऱ्या म्हणायचो. खंदक खणताना तो वरची काळी माती एका बाजूला टाकायचा आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. वेळ जातो म्हणून साहेब ओरडायचे, आम्ही हसायचो. तो म्हणायचा, “लढाई संपली की इथं कुणीतरी पेरणारच ना? मुरूम वर आला तर काय उगवेल, तुमच्या मिशा?”

परवा तो गेला. बाबा, फार थकलोय, लिहवत नाही.

त्याच्यासाठी खड्डा आम्ही चौघांनी खणला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण खणून झाल्यावर पाहिलं तर दोन वेगळे ढीग पडले होते. बुजवायला साहेबांनीच फावडं हातात घेतलं. आधी त्यांनी मुरूम लोटला. काळी माती शेवटी, हातांनी पसरली.

तुमचा,
धाकटा