नवरीचं वय अडुसष्ट

८ फेब्रुवारी, रविवार

टायपिस्ट मावशीने आज जेवताना एक पिल्लू सोडलं. तिची नात लग्नाआधी मैत्रिणींबरोबर चार दिवस समुद्रावर जाऊन आली. त्याला बॅचलरेट म्हणतात म्हणे. "मग आपल्या नवरीने काय घोडं मारलंय?" असं म्हणून तिने चमचा थेट आईकडे रोखला.

आई वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कसली बॅचलर? मी विधवा."

"ती वीस एप्रिलपर्यंतच ना! तेवढ्यात उरकून घेऊ."

आई इतकी हसली की चार वाटाणे फ्रीजखाली गेले. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. कुठलंही काम निघालं की या बायका आधी माझ्याकडे पाहतात. म्हणजे ठरलं — आयोजन माझं.

आईच्या अटी: जागा उबदार हवी, गुडघ्यांसाठी. बेट हवं, कारण अडुसष्ट वर्षांत एकही पाहिलं नाही. चढ नको. गळ्यात "नवरी" लिहिलेली पट्टी नको. धावपळ नको. आणि सगळं तिच्या पेन्शनीत बसलं पाहिजे, माझ्याकडून ती एक पैसा घेणार नाही.

माणसं चार. आई, टायपिस्ट मावशी (आईच्या शाळेच्या ऑफिसातली, तीस वर्षं शेजारचं टेबल), नर्स मावशी (आईची जुनी मैत्रीण, परगावची) आणि मी.

११ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलावर जे कुणी बोलत नाही ते इथे लिहिते.

आई ज्यांच्याशी लग्न करतेय ते घड्याळं दुरुस्त करतात. गाव पाच तासांवर, नर्स मावशीचंच. मावशीकडे राहायला गेली असताना आई बाबांचं बंद पडलेलं घड्याळ त्यांच्याकडे घेऊन गेली होती. ते चालू झालं आणि हेही. एकाहत्तर वर्षांचे आहेत. माणूस सरळ. कमी बोलतात, ऐकतात नीट. त्यांच्याविरुद्ध शोधूनही काही सापडलं नाही. मी शोधलं होतं.

प्रश्न एवढाच, की लग्नानंतर राहायचं कुठे? त्यांचं दुकान खाली, घर वर. आईने सांगितलं तर चाळीस वर्षांचं दुकान बंद करून इकडे यायला तयार आहेत. नाहीतर आई तिकडे जाईल. आई म्हणते, "सांगेन लग्नाच्या आधी." त्यापुढे काही नाही.

मला ती इथे हवी आहे.

चव्वेचाळीस वर्षांची बाई मी. लोकांना दात करून देते, माझं पोट मी भरते, गॅसचा सिलिंडर बदलते, आणि आई घर सोडून जाईल म्हणून घाबरते. लिहून टाकलं. लिहिल्यावर बरं वाटतं म्हणतात. नाही वाटलं.

१५ फेब्रुवारी

तीन संध्याकाळी फोनवर बेटं शोधण्यात गेल्या. जिथे जिथे फोटोत पांढरी छत्री आणि नारळात नळी दिसते, तिथलं एका रात्रीचं भाडं आईच्या महिन्याच्या औषधांएवढं.

आज एक सापडलं. लहानसं बेट, गाड्या नाहीत. एका बाईचं घर, वरच्या दोन खोल्या, चार खाटा, स्वयंपाकघर आपल्याला वापरता येतं. समुद्र चालत चार मिनिटं, रस्ता सपाट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून भाडं निम्मं. मी फोन केला. घरमालकीण म्हणाली, "या दिवसांत इथे फार निवांत असतं." निवांतच तर हवंय. गुरुवार दोन एप्रिल ते रविवार पाच. नक्की करून टाकलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "स्वयंपाकघर आहे ना? मग बाहेर जेवायचा खर्च वाचला." नवरीच स्वयंपाक करणार असेल तर ही कसली सहल, मी म्हटलं. यावर बराच वेळ भांडलो. शेवटी ठरलं, की आईने तिथे विळी, सुरी, झारा कशालाही हात लावायचा नाही.

२२ फेब्रुवारी

तक्ता तयार. चार दिवस, तासातासाचे रकाने. न्याहारी, समुद्र, विश्रांती, पत्ते, स्वयंपाकाची पाळी. टायपिस्ट मावशीने चष्मा वर करून वाचला. "ही सहल आहे की वार्षिक परीक्षा? 'विश्रांती, सव्वादोन ते पावणेचार.' आणि चार वाजले तरी जाग नाही आली तर? गुण कापणार?"

चिडले नाही. माझं कामच असं आहे. तोंडात कवळी अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली की माणूस जेवू शकत नाही.

शनिवारच्या चार ते सहाच्या रकान्यात लिहिलंय, "आई व मी — फेरफटका." खरं काय ते मलाच माहीत. त्या दोन तासांत तिला सांगायचं, इथेच राहा. घरी जमत नाही. घरी मी तोंड उघडलं की कुकरची शिट्टी होते.

५ मार्च

दातांच्या प्रयोगशाळेत आज सगळा दिवस एकाच कवळीवर गेला. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा परत पाठवली. ज्यांची कवळी त्या बाईंना दात "आपले वाटत नाहीत." मेणावर पुन्हा मांडले. पुढचे दोन जरासे वाकडे बसवले, त्यांच्या जुन्या फोटोत होते तसे. बघू.

घरी आले तर आई बाहेर गेलेली. टेप काढून मागची खोली मोजली. नऊ बाय सात. खिडकीखाली घड्याळांच्या कामाचं टेबल सहज बसेल, उजेडही डावीकडून. जुन्या गाद्या माळ्यावर टाकल्या की झालं.

मला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

१८ मार्च

त्यांचा फोन. आई बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. बावीस मिनिटं.

२९ मार्च

बॅगा. आईने आयुष्यात पहिल्यांदा पोहायचा पोशाख घेतला. गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत, गर्द निळा. घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाइपलाइन दुरुस्त करायला आलेल्या माणसासारखी दिसतेय." तरी घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

२ एप्रिल, गुरुवार

पोहोचलो. होडी दोन तास. टायपिस्ट मावशीला लागली, पिशवी मी धरली. होडी सुटते त्या गावी नर्स मावशी आदल्या दिवशीच येऊन धक्क्यावर थांबली होती. तिला पाहून आई पळाली. गुडघे वगैरे काही नाही. सरळ पळाली.

घर फोटोत होतं त्याहून लहान, पण स्वच्छ. नळाचं पाणी उन्हानेच गरम. एक तवा, त्यालाही पोचा. बेटावर आमच्याशिवाय पाहुणे नाहीत. दुकानांना कुलपं. निवांत खरंच फार आहे.

३ एप्रिल

आई सव्वानऊपर्यंत झोपली.

आठला मी जाऊन पाहिलं. साडेआठला परत. नाकापुढे हात धरून श्वास पाहिला, म्हणजे कळेल माझी अवस्था. नर्स मावशी म्हणाली, "झोपू दे की तिला. तक्ता काही रडणार नाही."

घरी आई साडेपाचला उठलेली असते. माझी बस सात चाळीसची. चहा, डबा, बाटली, सगळं तयार. मी नेहमी समजत आले की म्हातारपणी तिला झोप लागत नाही. तसं एकदा तिनेच सांगितलं होतं.

झोप तर छान लागते तिला.

समुद्र उथळ आणि कोमट. खूप आत गेलं तरी कमरेएवढाच. आई निळ्या पोशाखात दीड तास नुसती बसून होती, पाणी मांडीवर घेऊन. कुणी जेवलं का, कुणाला ऊन लागतंय का, एक चकार शब्द नाही. दोघी मावश्या पत्त्यांत एकमेकींना फसवत होत्या. आई तिकडे वळूनसुद्धा पाहत नव्हती. मी काठावर टॉवेल घेऊन उभी.

४ एप्रिल

चार ते सहा. फेरफटका झाला. तक्त्यातली ही एकच गोष्ट वेळेवर झाली.

सगळं बोलले. मागची खोली, खिडकी, डावीकडचा उजेड, टेबल. तुझे डॉक्टर आपल्याकडे, टायपिस्ट मावशी दोन गल्ल्यांवर, त्यांच्या घराला जिना, तुझे गुडघे. एकेक मुद्दा पाठ केला होता. शेवटी पाठ न केलेलं निघालं — "मला एकटीला त्या घरात नाही जमणार गं."

आईने चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाली, "खोली मोजलीस?"

"नऊ बाय सात."

"बरी आहे." आणि मग, "बघते हं, चिमणे."

चिमणे फार वर्षांनी म्हणाली. मी लहान असताना ताप आला की म्हणायची. परत येताना तिने माझा दंड धरला होता. मला वाटतं जमलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवले मात्र भरपूर.

५ एप्रिल, रविवार

होडी नाही.

सकाळी बॅगा घेऊन धक्क्यावर गेलो. चिटपाखरू नाही. जाळं विणत बसलेला एक म्हातारा म्हणाला, "रोजची होडी एकतीस मार्चला संपली. आता सोमवार आणि गुरुवार." म्हणून भाडं निम्मं! पंधरा मिनिटांची विश्रांतीसुद्धा मी तक्त्यात घातली होती आणि परतीची होडी कुणाला विचारली नव्हती.

मी रडायच्या बेतात. टायपिस्ट मावशी बॅगेवर बसून म्हणाली, "देवाने तक्त्याला सुट्टी दिली." आई तर बॅग तिथेच टाकून पाण्याकडे निघालीसुद्धा. प्रयोगशाळेत कळवलं, उद्या येत नाही. मालक म्हणाले, "त्या बाईंनी कवळी ठेवून घेतली, बरं का." एवढंच काय ते चांगलं.

दुपारी आई आणि टायपिस्ट मावशी झोपल्या. मी भांडी घासत होते, नर्स मावशी पुसत होती. मीच विषय काढला, आई बहुतेक आमच्या घरीच राहील म्हणून. मावशीने तवा पुसला, परत पुसला. मग म्हणाली, "हे लग्न चार वर्षांपूर्वीचं आहे, माहितीये तुला?"

नव्हतं माहीत.

त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून नुकतीच परत आले होते, सहा महिन्यांसाठी म्हणून. आई त्यांना म्हणाली, लेक आत्ताच आलीय, तिचं जरा मार्गी लागू दे. ते थांबले. पुढच्या वर्षी विचारलं, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. "यंदा ते म्हणाले, मी एकाहत्तरचा झालो, आता पुढच्या वर्षी विचारेनच असं सांगता येत नाही. तेव्हा कुठे हो म्हणाली."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तिने शपथ घातली होती. आज मोडली मी. होडी असती तर नसती मोडली."

मी विचारलं, तिला कुठे राहायचंय? खरं सांग.

मावशी म्हणाली, "दर खेपेला माझ्याकडे यायची ना, तर एक दिवस माझ्याकडे आणि तीन दिवस त्या दुकानात. काउंटरच्या आत स्टुलावर. गिऱ्हाइकांना पावत्या तीच लिहून द्यायची. लोक तिला वहिनी म्हणतात तिथे, कधीपासून." ताटं एकावर एक रचली. "पण तू बोललीस ना काल. आता ती येणार नाही. मी ओळखते तिला. तुला 'बघते' म्हणाली असेल."

सहा महिन्यांसाठी आले होते. चार वर्षं होतील जूनमध्ये. या चार वर्षांत रोज साडेपाचला तिचा गजर होतो आणि मी समजत होते की मी तिला सांभाळतेय.

संध्याकाळी आई पाण्यात बसली होती. मी गेले आणि शेजारी बसले. कपड्यांसकट.

६ एप्रिल, सोमवार

होडीची वाट पाहताना आई म्हणाली, "ठरवलं मी. त्यांना आपल्याकडेच बोलावते. खोली चांगली आहे." मी तिच्या पिशवीतून फोन घेतला, तिच्यासमोर त्यांना लावला आणि म्हटलं, दुकान बंद करू नका, आई तिकडे येतेय. पलीकडे नुसती टिकटिक, कितीतरी घड्याळांची. मग ते म्हणाले, "तिला विचारलंस का?" नव्हतं विचारलं. या वेळीही. फोन आईच्या हातात दिला आणि बॅगा उचलायच्या निमित्ताने चार पावलं लांब गेले. तरी ऐकू आलं.

"येते," म्हणाली.