साडेसहा रक्त

२ फेब्रुवारी, सोमवार

सगळ्यात आधी टपकली शेजारची बयनाबाई. बसायच्या आधीच म्हणते, "तुमची नात पिवळी काऊन दिसून राह्यली? कावीळ तर नाही?" मी म्हणलं, पोटुशी बाई गोरी होतच असते, तुझ्या घरात कोणी गोरं पाह्यलं नाही म्हणून तुला पिवळं दिसते. चहा मात्र दोनदा घेतला!

मयूरीला नववा लागला. आईमागं मीच वाढवली तिला, आता तिचं लेकरू खेळवीन. अंगात आनंद मावत नाही.

मग सिस्टर आली, भाग्यलक्ष्मी. तेलुगूवाली, पण मराठी बोलते. मयूरीच्या बोटातून रक्त काढलं अन् तोंड बारीक केलं. "अम्मा, साडेसहा. अकरा पाहिजे. आयरनची गोळी खाते का?"

खाते ना. मीच देते रोज. नुसत्या पाण्यानं तिला मळमळते म्हणून कपभर चहासंगं.

सिस्टरनं कपाळाला हात लावला. "चहानं गोळी अंगाला लागत नाही, अम्मा. लिंबूपाण्यानं द्यायची." आता मला कोण सांगणार होतं? सातव्यात माहेरी आणली तेव्हापासून चहाच देऊन राह्यले.

म्हणली, शुक्रवारच्या आत आदिलाबादला मोठ्या दवाखान्यात न्या, रक्त चढवावं लागते.

पण पुढच्या गुरुवारी ओटी भरायची आहे. सासरचे वीस जण येणार. सुया टोचलेल्या, सुजलेल्या हातात हिरव्या बांगड्या कशा चढवाव्या?

३ फेब्रुवारी

मयूरी डब्यातले कच्चे तांदूळ खाऊन राह्यली. डोहाळे, दुसरं काय. लिंबूपाणी दिलं.

५ फेब्रुवारी

वामन, मयूरीचा बाप, म्हणला, "माय, उद्या ऑटो सांगू का?" मी म्हणलं, ओटी होऊ दे, मग ने. त्यानं ऐकलं. लहानपणापासून माझं ऐकते तो.

मयूरी न्हाणीतून येताना दोनदा भिंतीला टेकली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ओटी झाली. हिरवं लुगडं, फुलांचा गजरा, पाच फळं. विहीणबाई चंद्रभागाबाई सगळ्यांना दाखवत होत्या, "आमची सून कशी गोरीपान झाली पाहा." मी बयनाबाईकडे पाह्यलं.

मयूरी माझ्या कानात म्हणली, "आजी, सगळं गरगर फिरून राह्यलं." मी मीठमोहऱ्यानं दृष्ट काढली. उद्या सकाळी दवाखाना. ऑटो सांगितला आहे.

१३ फेब्रुवारी

पहाटेच कळा लागल्या. तोच ऑटो.

१४ फेब्रुवारी

काल दुपारी मुलगी झाली. रडली चांगली जोरात.

मयूरीचं रक्त थांबेना. बाटल्या लावल्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणली, "थोडंबहुत रक्त सगळ्यांचं जाते, हिच्या अंगात जायला होतंच किती? तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

वामन खाली पाहत होता. मीच सांगितलं, दोन तारखेपासून.

आज सकाळी गेली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मयूरीची तेरवी झाली. लेकराला वाटीनं दूध पाजत होते. चंद्रभागाबाई जवळ आल्या, त्याला हात लावला नाही, मलाच म्हणल्या, "आता हिला तुमच्या हाती नाही ठेवत." सोमवारी येतो म्हणल्या, न्यायला.