काटा शून्यावर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दादाने आज पुन्हा स्क्रूड्रायव्हर आडवा टाकला! वेल्डिंगचं मशीन उघडलं, बंद मशीनमध्येही वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरच्या दोन टोकांना लोखंड टेकवलं — फाट्! म्हणे, झाला रिकामा. वीस वर्षं हेच चाललंय. एक दिवस डोळा जाईल. वहिनीने परवाच बाजूला घेऊन सांगितलं, त्याची ही सवय तूच मोडू शकतेस, माझं तो या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडतो.

मोडते. दुरुस्तीच्या या वर्कशॉपमध्ये गणित मलाच येतं, आणि हे मालकांनाही ठाऊक आहे.

गुरुवार, ६

स्क्रूड्रायव्हरऐवजी कपॅसिटर सावकाश रिकामा करणारी पेटी तयार. आत वीस हजार ओहमचा रेझिस्टर, वर प्रवाह दाखवणारा काटा, बाहेर दोन चिमटे. चारशे व्होल्टच्या कपॅसिटरला लावलं की पहिल्या क्षणी वीस मिलिअँपिअर. सगळ्यात मोठा प्रवाह तोच. मग कपॅसिटर रिता होत जातो, व्होल्टेज उतरतं, म्हणून प्रवाहही उतरतो — आणि प्रवाह उतरला की पुढचं रितं होणंही रेंगाळतं. आधी धाडधाड, मग मुंगीच्या पावलांनी. वीस सेकंदांनी साडेसातच्या जरा खाली. चाळीसला पावणेतीन. साठला एक. शंभराला काटा शून्यावर टेकल्यासारखाच दिसतो.

घड्याळ लावून पाच वेळा पाहिलं. कागद आणि काटा तंतोतंत! आज स्वतःवर बेहद्द खूश आहे.

शुक्रवार, ७

दादाची कुरकुर. शंभर सेकंद हाताची घडी घालून बसायचं का, तेवढ्यात माझा चहा पिऊन होतो. म्हटलं, मग पी ना चहा! काटा उतरताना बघत बसायची गरजच नाही. परत ये, शून्य दिसलं की हात घाल. झाकणावर ठळक अक्षरांत लिहूनही टाकलं — शंभर सेकंद थांबा, काटा शून्यावर, मगच हात.

सोमवार, १०

दादा पेटी वापरतोय. आपण होऊन! वहिनीला लगेच फोन केला.

बुधवार, १९

दादाला शॉक बसला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, मागच्या फळीवर आपटला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, थोडक्यात निभावलं.

आणि कारण काय, तर घाईत होतो, पेटी लावलीच नाही! सगळ्यांसमोर सांगितलं त्याने. वहिनीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मीही काही बाकी ठेवलं नाही. मालकांनी तिथल्या तिथे ठरवलं, यापुढे पेटीशिवाय कुणीही मशीनला हात लावायचा नाही. मला आणखी चार पेट्या करायला सांगितल्या.

वाईट वाटतंय. पण इथे खोटं कशाला लिहू — आतून थोडं बरंही वाटतंय. माझंच खरं ठरलं.

शुक्रवार, २१

नव्या पेट्यांसाठी मापं घ्यायची म्हणून जुनी शोधली. वर्कशॉपमधल्या दादाच्या कपाटात सापडली, कपड्यांमागे दडवलेली. उघडली. रेझिस्टरचं एक टोक सुटलेलं. सोल्डर माझंच, घाईतलं. प्रवाह वाहिलाच नव्हता. काटा पहिल्या क्षणापासून शून्यावर, आणि कपॅसिटर काठोकाठ भरलेला.

तडक त्याच्या घरी गेले. वहिनी आत होती. हळूच विचारलं, लावली होतीस ना?

"लावली होती. चहा पिऊन आलो, काटा शून्यावर होता."

"मग खोटं का बोललास?"

"खरं बोललो असतो तर पेटी भंगारात गेली असती आणि सगळे परत स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले असते. पेटी चांगली आहे गं. सोल्डर नीट कर."

मालकांना उद्या सकाळी खरं काय ते सांगणार. वहिनीला आत्ताच फोन करते. दोन दिवस ती त्याच्याशी बोललेली नाही.