बिछान्यातली मगर

ह्यूस्टन, ३ फेब्रुवारी
ति. आल्सीडकाका,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बसा. तुम्हाला उपचाराला घेतायत.

गेल्या वर्षी तुमच्या रक्ताच्या कॅन्सरवर सेल थेरपी नको म्हणाले डॉक्टर, ते तुमच्या अधू किडन्यांमुळे. थेरपीच्या आधी जे औषध देतात ते किडनीतून बाहेर पडतं. तुमच्या अंगात ते मुक्काम ठोकेल आणि मेंदूला त्रास देईल, ही भीती. आता आमच्या टीमने डोस कमी केलाय, आणि उरलंसुरलं औषध ठरलेल्या वेळी डायलिसिस करून काढायचं. मग तुमच्याच पेशी, आमच्या लॅबमध्ये कॅन्सर ओळखायला शिकवलेल्या, परत तुमच्या अंगात. धोका आहे, लपवत नाही. पण मी फ्रीझरसमोर नाचले.

तुमची लाडकी,
ओडील

ब्रो ब्रिज, ९ फेब्रुवारी
चि. ओडील,
अ. आ.

तुझं पत्र काकूने अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. शेजारचा ओव्हाइड म्हणाला, पेशींना शिकवता येतं तर आल्सीडलाही थोडं शिकवा. येतोय. पण ऐन क्रॉफिश पकडून उकडून खायच्या सीझनमध्ये बोलावलंस, हे विसरणार नाही. आतून घाबरलोय, काकूला बोलू नकोस.

तुझा काका

ह्यूस्टन, २ एप्रिल
ति. काका,
सा. न.

मला सर्दी, म्हणून वॉर्डबंदी. चिठ्ठी नर्सबरोबर पाठवतेय. काय केलंत हे? पेशी दिल्यावर रोज एक वाक्य लिहायला लावतात, ते मेंदू ठिकाणावर आहे का बघायला. आणि तुम्ही लिहिलंत, माझ्या बिछान्यात मगर आहे आणि ती घोरते. डॉक्टर धावले, डोक्याचा स्कॅन झाला, मी पार्किंगमध्ये रडले. डॉक्टर ओकाफोरबाईंनी फोन करून विचारलं, काका नेहमी असेच बोलतात का. मी म्हटलं, आमच्या घरी सरळ बोलला तर माणूस आजारी समजतात. उद्या प्लीज सरळ लिहा.

रागावलेली, तरी तुमचीच,
ओडील

ह्यूस्टन, २४ एप्रिल
चि. ओडील,
अ. आ.

तू नेमकी डॅलसला परिषदेला, म्हणून पत्र. त्या दिवसापासून रोज शहाण्यासारखं लिहीत होतो, आज हवा छान आहे. इथली खिडकी उघडतसुद्धा नाही.

आज ओकाफोरबाई आल्या. तपासणीत कॅन्सर कुठेच सापडला नाही. किडन्या होत्या तेवढ्याच आळशी, पण आणखी बिघडल्या नाहीत. मग बाईंनीच कागद पुढे केला, म्हणाल्या, आज मनात येईल ते लिहा. मी लिहिलं, मगरीला घरी जायचंय. बाईंनी खाली सही ठोकली.

क्रॉफिश संपायच्या आत गाडी घेऊन ये. सर्दी तिकडेच ठेव, माया तेवढी बरोबर आण.

तुझा काका,
आल्सीड